पत्रिकेवर ‘बाद नमाज-ए-जोहर’ लिहिलंय, फोटो किती वाजता काढायचे?

प्रश्न : मी लाखनीचा. बऱ्याच वर्षांपासून लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढतो. आतापर्यंतचं सगळं काम हिंदू आणि बौद्ध लग्नांतलं. यंदा डिसेंबरमध्ये भंडाऱ्यातल्या एका मुस्लिम घरचं काम मिळालं आहे. मुलीकडची बाजू आहे, वरात नागपूरहून येणार. पत्रिकेवर निकाहाची वेळच छापलेली नाही, ‘बाद नमाज-ए-जोहर’ एवढंच आहे. मुलीचे काका म्हणाले, “दिवसाचा टाइमटेबल तुम्हीच बनवून द्या, फोटो चांगले यायला पाहिजेत.” त्यांच्या रीतीभाती मला नीट ठाऊक नाहीत आणि विचारायला संकोच वाटतो. दिवस कसा आखू?
– एक छायाचित्रकार, लाखनी

उत्तर : पत्रिकेवर वेळ आहे, आणि ती मुहूर्ताइतकीच पाळली जाते. जोहर म्हणजे दुपारची नमाज. सूर्य माथ्यावरून कलला की तिचा वक्त सुरू होतो. डिसेंबरच्या मध्यात भंडाऱ्यात सूर्य १२ वाजून ७ मिनिटांच्या सुमारास माथ्यावर येतो, म्हणजे सव्वाबाराच्या आसपास जोहरचा वक्त लागलेला असतो. मशिदीतली जमातीची नमाज मात्र लगेच होत नाही. प्रत्येक मशिदीने आपली वेळ ठरवलेली असते, ती आत फलकावर लिहिलेली असते, आणि जोहरची जमात बहुतेक ठिकाणी एक ते दीडच्या दरम्यान उभी राहते. त्यामुळे तुमचं पहिलं काम सोपं आहे. वराकडची मंडळी ज्या मशिदीत नमाज पढणार आहेत तिथल्या फलकाचा फोटो आठ दिवस आधी मागवून घ्या. जोहर दीडला असेल तर काझीसाहेब दोनच्या सुमारास निकाह पढवायला बसतील असं धरून चाला. लग्न शुक्रवारी असेल तर जोहरच्या जागी जुम्याची नमाज येते. तिला खुतबा म्हणजे प्रवचन असतं, गर्दी असते, जास्त वेळ लागतो. त्या दिवशी अर्धा तास वाढवून ठेवा.

संकोचाबद्दल एवढंच म्हणेन की विचारा. काकांना विचारा, मुलीच्या खालाला, म्हणजे मावशीला विचारा, काझीसाहेबांना फोन करून विचारा. सुन्नी, शिया, बोहरा यांच्या रीती वेगळ्या आहेत. एकाच गावातल्या दोन सुन्नी घरांतही एकीकडे हळदीला गाणी असतात, दुसरीकडे ढोलकही चालत नाही. मी इथे लिहितोय ते आपल्या भागातल्या बहुसंख्य सुन्नी घरांतली साधारण रीत म्हणून वाचा. शेवटचा शब्द घरच्यांचा.

आता वेळापत्रक. पाच नमाजा या दिवसाच्या पाच खुंट्या समजा, त्यांतल्या जोहर, असर (तिसऱ्या प्रहरची) आणि मगरीब (सूर्यास्तानंतरची) या तीन तुमच्या कामाच्या. फोटोसाठी नमाज पुढे सरकत नाही, आणि सरकवा असं म्हणूही नये. पण या खुंट्या नीट पाहिल्यात तर लक्षात येईल की त्या सगळ्या सूर्यावर बेतलेल्या आहेत आणि छायाचित्रकारालाही सूर्यच हवा असतो. असरचा वक्त उन्हाच्या कोनावर ठरतो. आपल्याकडचे सुन्नी मुसलमान बहुतेक हनफी. त्यांच्या हिशोबाने दुपारची मूळ सावली वजा जाता वस्तूची सावली तिच्या उंचीच्या दुप्पट झाली की असर लागते. डिसेंबरच्या मध्यात भंडाऱ्यात ही वेळ चारच्या सुमारास येते. (कोकणातले मुसलमान शाफई. ते एकपट सावली धरतात, त्यामुळे त्यांची असर याच दिवसांत पाऊण तास आधी लागते. वधू किंवा वर कोकणी घरातला असेल तर हे लक्षात ठेवा.) सव्वाचार-साडेचारला असरची जमात होते आणि सूर्य ५ वाजून ३२ मिनिटांच्या सुमारास मावळतो. मधला तास म्हणजे तिरपं, मऊ, सोनेरी ऊन आणि मोकळे झालेले पाहुणे. वधूवरांचे एकत्र फोटो याच तासात. घरच्यांचे समूहफोटो सोडले तर बाकी काहीही या तासात घालू देऊ नका.

इथे एक धोका आहे. तुम्ही लोक मुंबई-पुण्याच्या छायाचित्रकारांचे व्हिडिओ पाहून शिकता आणि त्यातलं ‘साडेपाच ते सहा कपल शूट’ तसंच उचलता. १५ डिसेंबरला मुंबईत सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळतो, आपल्याकडे त्याच्या अर्धा तास आधी. भंडारा मुंबईच्या जवळजवळ सात अंश पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. तो अर्धा तास गेला की मगरीबची अजान होते, पुरुष मंडळी मशिदीकडे निघतात, वरही जातो आणि तुम्ही अंधारात दिवे शोधत राहता. मगरीबला सवलत नसते. अजान झाली की लगेच जमात.

सकाळपासून सुरू करू. वधूच्या खोलीत साडेआठपर्यंत पोहोचायला हवं, कारण मेकअपला अडीच-तीन तास जातात आणि पूर्वेकडच्या खिडकीचं ऊन दहापर्यंतच कामाचं असतं. मेहंदीचे हात, दुपट्ट्याची किनार, झुमर, नथ, आईचे जुने कंगन हे सगळं मेकअप सुरू असतानाच खिडकीशी मांडून काढून घ्या. या खोलीत तुम्ही स्वतः जाऊ शकाल की नाही, हा प्रश्न आहेच. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

वरात नागपूरहून म्हणजे साठेक किलोमीटर. दहाला निघतो म्हणतील, साडेअकराला पोहोचतील असं कागदावर दिसेल. तुम्ही साडेबारा धरा. दोन बसगाड्या, वाटेत चहा, शिवाय नवरदेवाच्या शेरवानीचा दर्जी. वरातीचं स्वागत, गळाभेटी, शरबत आणि सेहऱ्यातला नवरदेव हे एकपर्यंत आटपा. हिवाळ्याचा एक मोठा फायदा आहे. डिसेंबरात भंडाऱ्यात भर दुपारीही सूर्य ४५ अंशांच्या आसपासच असतो, त्यामुळे बाराच्या उन्हातही चेहऱ्यावर उजेड समोरून पाडता येतो. मेच्या मध्यात तोच सूर्य जवळपास थेट डोक्यावर येतो. मग सेहऱ्याच्या लडींची सावली थेट गालावर पडते आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. हिवाळ्यात दुपारचा निकाह आणि उन्हाळ्यात मगरीब किंवा इशानंतरचा (रात्रीच्या नमाजनंतरचा) निकाह असं माझं सरळ मत आहे, आणि ते फोटोइतकंच पाहुण्यांच्या जिवासाठीही आहे.

मग जोहर. या पाऊण तासात कॅमेरे बंद, बॅटऱ्या चार्जिंगला, तुमचं जेवण उरकलेलं. नमाज पढणाऱ्यांचे फोटो कुणी सांगितल्याशिवाय काढू नका. सफेसमोरून, म्हणजे त्यांच्या रांगेसमोरून तर मुळीच जाऊ नका.

निकाह. दिवसाचा गाभा हाच आणि सगळ्यांत जास्त फसगतही इथेच होते, म्हणून जरा थांबून लिहितो. तुम्हाला लग्न म्हटलं की मंगलाष्टकांतला किंवा वंदनेनंतरच्या हारांचा क्षण डोळ्यांसमोर येतो. वधूवर समोरासमोर, सगळे पाहुणे भोवती. निकाहात बहुधा तसं नसतं. वर पुरुषांच्या मांडवात काझींसमोर बसतो, वधू आत स्त्रियांत. आधी एक वकील आणि दोन गवाह वधूकडे जातात. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, वधूच्या वतीने बोलणारा, बहुधा तिचा मामा, चुलता किंवा घरातला वडीलधारा. तो तिला विचारतो की अमक्याच्या मुलाशी, एवढ्या मेहरवर (वराने वधूला द्यायच्या रकमेवर), तुझा निकाह पढवण्याची इजाजत आहे का? ती हो म्हणते. कधी स्पष्ट, कधी दबक्या आवाजात, कधी रडत. मग निकाहनाम्यावर सही करते. हे तिघे परत मांडवात येतात, काझी अरबीत खुतबा पढतात आणि वराकडून कुबूल करून घेतात. पुष्कळ ठिकाणी तीनदा विचारण्याची रीत आहे. मग दुआ, सगळ्यांचे हात वर. मग मुबारकबाद, गळाभेटी आणि छुहारे.

आता सांगा, या सगळ्यातला सर्वांत मोठा क्षण कोणता? माझ्या मते वधूचा होकार. तिच्या होकाराशिवाय मांडवातलं कुबूल अपुरं आहे. सगळ्या लग्नाचा पाया त्या खोलीत घातला जातो. आणि बहुतेक अल्बमांत नेमका तोच नसतो, कारण छायाचित्रकार मांडवात नवरदेवापाशी जागा धरून बसलेला असतो. अल्बममध्ये नवरदेवाची सही वेगवेगळ्या कोनांतून, आणि वधूची एकही नाही. तुमच्या वेळापत्रकात मी एकच गोष्ट लाल शाईने लिहीन: वकील आणि गवाह आत जाताना आतल्या खोलीत एक कॅमेरा आधीपासून तयार हवा, आणि तो एखाद्या बाईच्या हातात हवा. वकिलाला आदल्या दिवशी भेटून सांगा की आत जाण्याआधी खूण करा. बाहेर दोन मिनिटांत आटपायची घाई असते, तुम्हाला कळेपर्यंत सही होऊन जाते.

त्या खोलीत चांगला फोटो कसा यावा? फ्लॅश नको. वधूच्या डाव्या किंवा उजव्या खांद्याशी जमिनीवर बसायचं. पेन धरलेला मेहंदीचा हात आणि मागे आईचा किंवा बहिणीचा चेहरा, एवढंच चौकटीत घ्यायचं. निकाहनाम्यावरचा मजकूर वाचता येईल असा फोटो काढू नये. मेहरची रक्कम हा दोन घरांचा खासगी मामला आहे, आणि तो फोटो व्हॉट्सअॅपवर फिरला तर नातेवाइकांत नको ती तुलना सुरू होते.

मांडवात खुतबा सुरू झाला की तुम्हीही खाली बसा. काझींच्या आणि वराच्या मध्ये उभं राहणं म्हणजे बेअदबी. शटरचा आवाज बंद करा. आताचे मिररलेस कॅमेरे मुके चालतात, पण एलईडीच्या उजेडात मुक्या शटरने फोटोत काळे पट्टे उमटतात, म्हणून त्याच मांडवात आधी चार फोटो काढून तपासा. रुंद लेन्सचा एक कॅमेरा मागे उंचावर ठेवून द्या. दुआसाठी शेकडो तळवे एकदम उठतात ते काही सेकंदच. ते जवळून मिळत नाही, मागूनच मिळतं.

निकाह पढायला फार तर पंधरा-वीस मिनिटं. उशीर होतो तो कागदांनी. काझींच्या रजिस्टरात दोघांची नावं, वडिलांची नावं, वय, पत्ते, मेहर, वकील, गवाह हे सगळं भरायचं असतं, आणि ऐन वेळी कुणाचं आधार कार्ड सापडत नाही किंवा मेहरच्या आकड्यावर दोन काका बाजूला जाऊन बोलत बसतात. अर्धा-पाऊण तास सहज जातो आणि तो तुमच्या सोनेरी तासातून जातो. काकांना सांगा की रजिस्टर आदल्या दिवशी भरून ठेवा, निकाहाला फक्त सह्या उरल्या पाहिजेत. मेहर मुअज्जल आहे की मुवज्जल, म्हणजे लगेच द्यायची की पुढे, हेही आधीच लिहून घ्यायला सांगा. फोटोच्या निमित्ताने हे झालं तर त्या मुलीचंही भलं होईल.

अडीचला जेवणं. दस्तरख्वानावर जेवणाऱ्यांच्या तोंडावर कॅमेरा धरू नका, भातात बुडालेल्या बोटांचे फोटो कुणालाच नको असतात. जेवणानंतर स्त्रियांच्या बाजूला आरसी-मुसहफ होत असेल तर त्याला साडेतीनच्या आधीची वेळ द्या. वधूवरांमध्ये आरसा आणि कुराण ठेवतात, वर दुपट्टा धरतात आणि दोघं एकमेकांना प्रथम आरशात पाहतात. हल्ली ‘फर्स्ट लुक’ म्हणून निकाहाआधी दोघांना एकत्र आणून फोटो काढायची टूम आली आहे. निकाहाआधी ती दोघं परकी असतात, बहुतेक घरांना ते रुचणार नाही, तुम्ही सुचवूही नका. त्या टुमेत जे हवं असतं ते सगळं आरसी-मुसहफमध्ये पिढ्यान्‌पिढ्या आहेच.

आणि हा फोटो नेहमी बिघडतो, त्याचं कारण भौतिकशास्त्रात आहे. आरशातला चेहरा काचेवर नसतो. वधू आरशापासून दीड फुटावर असेल तर तिचं प्रतिबिंब काचेच्या दीड फूट मागे असतं. तुम्ही फोकस आरशाच्या चौकटीवर टाकता, नक्षी लख्ख येते आणि चेहरा धूसर. फोकसचा ठिपका आरशातल्या डोळ्यावर हलवा, आणि चौकटही हवी असेल तर अॅपर्चर ५.६ किंवा ८ पर्यंत बंद करा. तुम्ही वराच्या खांद्यामागे बसलात तर आरशात तुम्ही दिसत नाही, वधू दिसते. आदल्या संध्याकाळी तोच आरसा मागून घ्या आणि मुलीच्या भावंडांना बसवून सराव करा.

साडेचार ते साडेपाच वधूवर. वैनगंगेच्या काठावर नेण्याचा मोह होईल. नेऊ नका. जाणं, येणं, गाड्या, घाट उतरताना घागरा सावरणं यात चाळीस मिनिटं जातील आणि वधूला लोकांच्या नजरा झेलाव्या लागतील ते वेगळंच. हॉलची गच्ची, मागचं अंगण, पश्चिमेची भिंत यांपैकी जागा आदल्या दिवशी याच वेळी जाऊन पाहून ठेवा. आधी दोन्ही घरच्यांचे समूहफोटो वीस मिनिटांत उरका आणि नावांची यादी एका मामाच्या हाती द्या, त्यांनी हाका मारायच्या. उरलेली चाळीस मिनिटं फक्त दोघांना. मगरीबनंतर वीसेक मिनिटं आकाशात निळसर उजेड राहतो, तो रुखसतीसाठी, म्हणजे वधूच्या पाठवणीसाठी ठेवा. पाहुण्यांनाही साठ किलोमीटर परत जायचं असतं, त्यामुळे याला कुणाचा विरोध होणार नाही. रुखसतीला मात्र दूर राहा, लांब लेन्स लावा. बाप मुलीला निरोप देतो तेव्हा मध्ये कुणी नको.

एवढं करूनही दिवस विस्कटला तर वलीमा आहेच. वलीमा म्हणजे वराकडची मेजवानी, बहुधा दुसऱ्या दिवशी, वराच्या घरी. वधू विसावलेली असते, कागद झालेले असतात, नवं कापड असतं. खरं सांगायचं तर मे महिन्यातल्या लग्नात मी वधूवरांचे निवांत फोटो सरळ वलीम्यावर टाकीन. तेव्हा असर पावणेपाचच्या सुमारास लागते, जमात सव्वापाचपर्यंत आटपते आणि सूर्य ६ वाजून ४० मिनिटांनंतर मावळतो. सव्वातास मिळतो. वलीम्याचं काम तुमच्याकडे नसेल तर आताच बोलून घ्या.

प्रश्न : माझा निकाह पुढच्या वर्षी आहे. मला फोटो हवे आहेत, पण ते कुणाच्या स्टेटसला किंवा स्टुडिओच्या पानावर दिसायला नको आहेत. आमच्याकडे जनान्यात, म्हणजे बायकांच्या बाजूला, पुरुष छायाचित्रकार चालत नाही आणि इथे बाई छायाचित्रकार मिळत नाही. घरचे म्हणतात, मग राहू दे.
– एक वाचक, तुमसर

उत्तर : राहू देऊ नका, ताई. तुमच्या दोन्ही अटी रास्त आहेत आणि दोन्ही पाळता येतात.

आधी कायदा. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार, पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केलेला नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो. म्हणजे तुमच्या लग्नाच्या फोटोंची मालकी तुमच्या घराची, स्टुडिओची नाही. बऱ्याच स्टुडिओंच्या छापील पावतीत खाली बारीक अक्षरांत उलटं लिहिलेलं असतं, सही करण्याआधी ते वाचा. आणि स्वतःचं एक वाक्य लिहून घ्या: वधूच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही फोटो किंवा व्हिडिओ कुठेही टाकला जाणार नाही, आणि अल्बम दिल्यावर स्टुडिओतली प्रत पुसली जाईल. ‘वधूच्या’ हा शब्द घालाच. ‘कुटुंबाच्या’ लिहिलंत तर एखादा भाऊ फोनवर हो म्हणून मोकळा होतो.

बाई छायाचित्रकार नागपूर किंवा गोंदियाहून बोलावता येते, पण खर्च वाढतो. झेपत नसेल तर घरातली एक मुलगी निवडा. मामेबहीण, कॉलेजात जाणारी, हात स्थिर असलेली. चांगला मोबाइल पुरतो. तिला आठवडाभर आधी तीनच गोष्टी शिकवा: खिडकी पाठीशी घेऊन उभं राहायचं, लेन्स रुमालाने पुसायची, झूम न करता दोन पावलं पुढे जायचं. निकाहाच्या दिवशी तिला दुसरं एकही काम देऊ नका. पाहुण्यांना शरबत द्यायला तिला हाक मारली की तुमच्या इजाजतीचा फोटो गेला. जनान्यातले फोटो वेगळ्या कार्डावर ठेवा, ते कार्ड तुमच्याकडे. अल्बमचे दोन भाग करून घेता येतात, मर्दान्यातला (पुरुषांकडचा) भाग स्टुडिओकडून आणि जनान्यातला तुम्ही निवडून छापून घेतलेला.

स्टुडिओपेक्षा मोठी अडचण पाहुण्यांच्या मोबाइलची असते. खालाजानना दारात उभं करा. आत मोबाइल काढायचा नाही, हे त्यांनी सांगितलं तर चालतं, नवरीने सांगितलं तर लोक रुसतात.

प्रश्न : आमच्या घरी वाद सुरू आहे. आजोबा म्हणतात निकाहात फोटो हराम आहेत, भाऊ म्हणतो सगळेच काढतात. खरं काय?
– एक विद्यार्थी, पवनी

उत्तर : मी मुफ्ती नाही, त्यामुळे निकाल देणार नाही. वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंना मोठे आलिम आहेत, एवढं तुमच्या भावाला सांगा. सजीवांची चित्रं काढण्याला हदीसच्या आधारे मनाई मानली गेली. फोटो ही तशीच चित्रनिर्मिती की निराळं काही, यावर मतभेद झाले. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत अशी बाजू मांडली की कॅमेरा नवं रूप घडवत नाही, असलेली सावली धरून ठेवतो. देवबंदच्या दारुल उलूमने उलट भूमिका घेतली आणि २०१३ मध्येही तिथून फोटोग्राफी गैरइस्लामी असल्याचं सांगितलं गेलं, मात्र पासपोर्ट, ओळखपत्र अशा गरजेपुरती मुभा मानून. हजच्या अर्जालाही फोटो लागतोच.

तेव्हा आजोबा अडाणीपणाने बोलत नाहीत, हे आधी मान्य करा. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा मध्यम वाट विचारा. मांडवात खुतब्याच्या वेळी कॅमेरा नको, स्त्रियांचे फोटो मर्दान्यात जाणार नाहीत, गाण्यांचा व्हिडिओ नको, आणि वधूवरांचे थोडे फोटो घरात. अनेक घरांत वडीलधारे इतक्यावर तयार होतात. निकाह मशिदीत साधेपणाने करायचा असेल तर तिथे कॅमेरा न्यायचा की नाही हे मशिदीची कमिटी आणि इमामसाहेब ठरवतील, त्यांना आधी विचारा. आणि आजोबा नाहीच म्हणाले तर त्यांना फोटोत ओढू नका. त्यांचा हात नातीच्या डोक्यावर असताना बाजूला उभं राहून पाहिलंत तरी ते तुमच्या लक्षात राहील.

प्रश्न : वरातीवर ड्रोन उडवायचा आहे. परवानगी लागते का?
– एक वाचक, साकोली

उत्तर : ‘ड्रोन नियम, २०२१’ नुसार २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनची नोंदणी आणि ओळख क्रमांक लागतो. लग्नात पैसे घेऊन उडवायचा म्हणजे चालवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्रही हवं. डिजिटल स्कायच्या नकाशावर आपली जागा हिरव्या पट्ट्यात आहे का ते आधी पाहा. आपल्या जिल्ह्यात जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे, तिच्या आसपास हा प्रयोग करूच नका. नागझिरा आणि कोका अभयारण्यांच्या बाजूलाही नाही. आणि हॉलला लागून घरांच्या गच्च्या असतील तर शेजारच्या बायकांचा विचार करा. आपल्या घरच्या पडद्याची काळजी घेणाऱ्याने दुसऱ्याच्या अंगणात कॅमेरा उतरवू नये. माझं मत विचाराल तर वरातीचा ड्रोन गाळा आणि ते पैसे आतल्या खोलीतल्या बाई छायाचित्रकारावर खर्च करा.

लाखनीच्या छायाचित्रकारासाठी आणि सगळ्याच लग्नघरांसाठी एक सूचना राहिली. विवाह नोंदणी गावात ग्रामपंचायतीत आणि शहरात नगर परिषदेत होते. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्यानुसार ती ९० दिवसांच्या आत करायची असते. अर्जावर वधूवरांबरोबर तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात, निकाह पढवणाऱ्या काझींचीही लागते. सोबत लग्नाचा फोटो जोडतात, आणि निकाहनामा उर्दूत असेल तर त्याचं मराठी भाषांतर मागितलं जातं. काझी आणि साक्षीदार एका छताखाली असतात ते निकाहाच्याच दिवशी, नंतर एकेकाच्या घरी फिरावं लागतं. म्हणून अर्जाचा नमुना त्या दिवशी हॉलवर घेऊन जा आणि दुआ झाल्यावर दहा मिनिटांत सह्या घ्या. सोनेरी तासात वधूवरांचा पहिला फोटो साधा काढा: दोघं शेजारी, चेहरे उघडे, नजर समोर. हीच प्रत कचेरीत लागणार आहे.